जखम घोट्यावर, कारण मांडीत

पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर, एक जागा आहे. वर्षानुवर्षं न भरणारी जखम पायावर नेमकी कुठे सापडते असं विचारलं, तर अनुभवी सर्जन न बघता तिथे बोट ठेवेल. सुरुवात बहुधा क्षुल्लक असते. डास चावतो आणि खाजवलं जातं, पलंगाचा कोपरा लागतो, चपलेचा बंद घासतो. एरवी अशी जखम आठवड्याभरात खपली धरते आणि विसरली जाते. इथे मात्र ती रुंदावत जाते. कडा उतरत्या, आकार वेडावाकडा, तळाशी लालसर मांस आणि त्यावर पिवळट साका. दिवसभर पाणी झरत राहतं. सकाळी बांधलेली पट्टी दुपारी ओली होते आणि संध्याकाळी तिला वास येऊ लागतो. घरात पाहुणे आले की बाई साडी जरा खाली ओढून घेते, पुरुष पाय खुर्चीखाली घेतो. लग्नकार्याला जाणं हळूहळू बंद होतं.

सभोवतालची कातडी पाहिली की हे दुखणं कालचं नाही हे कळतं. आधी काही वर्षं संध्याकाळी घोटा सुजत असणार. मग तपकिरी डाग पडले. केशवाहिन्यांतून बाहेर झिरपलेल्या रक्तपेशी तिथेच फुटतात आणि त्यांतलं लोह कातडीत साठून राहतं, त्याचे हे डाग. पुढे खाज, इसब, मग चकचकीत आणि दाबली तरी न दबणारी कातडी. शेवटी घोट्याभोवतीचा भाग आक्रसतो, वरची पोटरी सुजलेलीच राहते आणि पाय उलट्या धरलेल्या बाटलीसारखा दिसू लागतो. डॉक्टरांनी या पायऱ्यांना क्रमांक दिले आहेत. १९९४मध्ये ठरलेल्या ‘सीप’ या वर्गीकरणात सी-२ म्हणजे फुगलेल्या शिरा, सी-३ म्हणजे सूज, सी-४ म्हणजे कातडीतले बदल आणि सी-६ म्हणजे उघडी जखम. मधला सी-५ हा भरून आलेल्या जखमेचा. जखम भरली तरी पाय पुन्हा सी-४ होत नाही, कारण ती परत उघडण्याची शक्यता फार मोठी असते. आजाराचा स्वभाव या एका क्रमांकात आला आहे.

आपल्याकडे या जखमेवर होणारे उपाय ठरलेले आहेत. हळद, कडुलिंबाचा पाला, मेडिकलमधून आणलेली पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस, आणि मग एकामागून एक अँटिबायोटिकचे कोर्स. यांतल्या बऱ्याच गोष्टींनी नुकसानच होतं. जखमेवर जंतू असतातच. आजूबाजूची कातडी लाल, गरम होऊन सूज पसरत असेल किंवा ताप असेल तरच अँटिबायोटिकची गरज असते, एरवी पोटात घेतलेल्या गोळ्यांनी ही जखम लवकर भरत नाही. पेरॉक्साइड नव्याने येणाऱ्या पेशींनाही मारतं. आणि नियोमायसिनसारखी औषधं असलेल्या मलमांची अ‍ॅलर्जी याच रुग्णांमध्ये फार आढळते. म्हणजे जखमेभोवतीचं इसब वाढतं, ते वाढलं म्हणून मलम जास्त लावलं जातं, आणि त्यामुळे इसब आणखी वाढतं.

दुसरी एक गल्लत जास्त महाग पडते. पायाची जखम भरत नाही म्हटलं की घरातला प्रत्येक जण ‘शुगर’ म्हणतो. मधुमेहाची जखम बहुधा तळव्याला, बोटांना, टाचेला, म्हणजे दाब आणि घर्षण येतं तिथे होते, आणि बधिरपणामुळे अनेकदा दुखतही नाही. बिडी-सिगारेटने धमन्या चोंदल्या असतील तर जखम बोटांच्या टोकांशी असते, भयंकर ठणकते, आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटतं. शिरांच्या जखमेत बरोबर उलटं, पाय उशीवर उंच ठेवला की आराम पडतो. विदर्भात, नंदुरबारच्या पट्ट्यात, तरुण माणसाच्या घोट्याशी जखम दिसली तर सिकल सेलची तपासणी करायलाच हवी. आणि एकाच माणसाला मधुमेह आणि शिरांचा आजार दोन्ही असू शकतात. म्हणून साखर वाढलेली सापडली की शोध संपला असं मानणं धोक्याचं आहे.

मग शिरांमध्ये बिघडतं तरी काय?

उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा सव्वा मीटरच्या आसपास उंच स्तंभ असतो. त्याचं वजन घोट्याच्या शिरेवर पडतं, तो दाब साधारण ९० मिलिमीटर पारा इतका भरतो. स्वस्थ उभं राहिलं तर हा दाब निरोगी माणसाच्या पायातही असतोच. फरक चालायला लागल्यावर पडतो. पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडले की ते खाली येऊ पाहतं, पण शिरांमधल्या नाजूक झडपा मिटतात. असं दहा-बारा पावलं झालं की घोट्याजवळचा दाब ३० मिलिमीटरच्या खाली उतरतो. कातडीला तेवढीच विश्रांती पुरते.

या झडपांचं सविस्तर वर्णन इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या फॅब्रिसियसने १६०३मध्ये प्रसिद्ध केलं. त्या कशासाठी आहेत हे मात्र त्याला नीट उमगलं नव्हतं. त्याच्या वर्गात बसलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज विद्यार्थ्याने १६२८मध्ये त्याचा उलगडा केला. दंडाला पट्टी आवळायची, हाताची शिरा फुगवायची, तिच्यावर बोट दाबून रक्त खालच्या दिशेला सरकवायचं. ते झडपेपाशी अडतं. हा प्रयोग आजही कुणालाही घरी करून पाहता येतो, आणि रक्ताभिसरण सिद्ध करताना हार्वेने दिलेल्या पुराव्यांपैकी तो एक महत्त्वाचा पुरावा होता.

पायातल्या शिरांची रचना दुपदरी आहे. स्नायूंच्या आत खोल शिरा, ज्यांतून पायाचं सुमारे नव्वद टक्के रक्त वर जातं. आणि कातडीखाली वरवरच्या शिरा. या वरवरच्यांपैकी सगळ्यात लांब शिरा घोट्याच्या आतल्या हाडापुढून निघते, पोटरी आणि मांडीच्या आतल्या बाजूने चढत जांघेपर्यंत जाते आणि तिथे खोल शिरेला मिळते. शरीरातली सर्वांत लांब शिरा हीच. बायपासच्या ऑपरेशनसाठी ‘पायाची नस काढली’ म्हणतात ती बहुधा हीच असते. तिच्या जांघेजवळच्या झडपा निकामी झाल्या की वर गेलेलं रक्त तिच्यातून परत खाली घसरतं, घोट्याजवळच्या जोडशिरांमधून खोल शिरांत शिरतं, पोटरी ते पुन्हा वर ढकलते आणि ते पुन्हा खाली येतं. तेच रक्त मांडी आणि घोटा यांच्यामध्ये फिरत राहतं. जर्मन सर्जन फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग याने १८९०च्या सुमारास हे उलटं अभिसरण ओळखलं आणि मांडीत ही शिरा बांधून टाकायला सुरुवात केली.

ही साखळी समजली की पुढचं सगळं सोपं होतं. अशा पायात चालतानाही घोट्याचा दाब उतरत नाही. केशवाहिन्या सतत ताणलेल्या राहतात, त्यांतून पाणी, प्रथिनं आणि रक्तपेशी झिरपतात, पांढऱ्या पेशी तिथे अडकून दाह चालू ठेवतात, कातडीला पोषण नीट पोचत नाही. म्हणून डासाच्या चाव्याची जखम होते. ती घोट्यावर दिसते, पण बिघाड हातभर वर, मांडीत असतो.

दाबाला उत्तर दाबाने द्यायचं, ही कल्पना जुनी आहे. सुश्रुताने व्रणासाठी सांगितलेल्या साठ उपक्रमांमध्ये ‘बंध’ आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा सर्जन रिचर्ड वाइझमन सतराव्या शतकात अशा पायांवर नाडीने आवळायचे मोजे बांधत असे. हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झिंकच्या लेपाची पट्टी आणली, ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. आणि विसाव्या शतकात अमेरिकेत टोलेडो शहरात कॉनराड जोब्स्ट नावाचा इंजिनीअर स्वतःच्या शिरांच्या दुखण्याने हैराण झालेला असताना त्याच्या लक्षात आलं की पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय दुखत नाहीत. पाण्याचा दाब तळाशी जास्त आणि वर कमी असतो. त्याने तोच उतरता दाब कापडात विणायचा ठरवला, आणि आजची कंप्रेशन स्टॉकिंग त्यातून आली. रुग्णानेच, स्वतःचा पाय नीट पाहून, उपाय शोधला, हे मला या इतिहासातलं सगळ्यात सुंदर पान वाटतं.

१९८०च्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात चार थरांची पट्टी तयार झाली: आत कापूस, मग क्रेप, मग ताणाची पट्टी, वर चिकटून राहणारा थर. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर दाब मिळतो आणि तो आठवडाभर टिकतो. कुठलंही महागडं ड्रेसिंग या दाबाइतकं काम करत नाही. ती बांधण्याआधी एक तपासणी मात्र चुकवता येत नाही. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८च्या खाली असेल तर धमन्याच अरुंद आहेत, आणि अशा पायावर घट्ट पट्टी आवळली तर बोटं काळी पडू शकतात. छोटं डॉप्लर यंत्र आणि बीपीचा पट्टा असला की पंधरा मिनिटांत ही तपासणी होते.

पट्टीने जखमा भरतात. पण पट्टी काढली की मांडीतून खाली घसरणारं रक्त तसंच घसरत राहतं. मग शिराच काढून टाकली तर? अमेरिकेत १९०५ ते १९०७च्या दरम्यान केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी ही शिरा ओढून काढण्याच्या पद्धती काढल्या. पुढची नव्वद-पंचाण्णव वर्षं ‘स्ट्रिपिंग’ हाच राजमार्ग राहिला. जांघेत चीर, घोट्यापाशी किंवा गुडघ्यापाशी दुसरी चीर, आतून तार घालून शिरा उपटायची. पूर्ण भूल, निळीजांभळी मांडी, काही आठवड्यांची विश्रांती. सत्तरी ओलांडलेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला कुणी हे सुचवत नसे. आणि या जखमांचे रुग्ण बहुतांशी वयस्कच असतात.

तरीही प्रश्न विचारण्यासारखा होता, आणि ब्रिटनमध्ये तो नीट विचारला गेला. ‘एस्कार’ या अभ्यासात ५०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फक्त दाबाची पट्टी, दुसऱ्याला पट्टी आणि शिरेची शस्त्रक्रिया. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. २४ आठवड्यांत जखम भरण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ६५ टक्के. पण वर्षभरात जखम परत उघडण्याचं प्रमाण नुसत्या पट्टीच्या गटात २८ टक्के होतं आणि शस्त्रक्रियेच्या गटात १२. चार वर्षांनी हेच आकडे ५६ आणि ३१ होते. म्हणजे शिरेचा बंदोबस्त केला तर जखम परत येणं निम्म्यावर येतं, हे ठरलं. भरायला मात्र मदत होत नाही, असाही अर्थ त्यातून निघाला आणि तोच डॉक्टरांच्या मनात बसला: आधी पट्टीने जखम भरू द्या, शिरेचं नंतर बघू. शस्त्रक्रियेच्या गटातल्या काहींनी ती करून घेतलीच नव्हती, इकडे तितकं लक्ष गेलं नाही.

दरम्यान शस्त्रक्रियाच बदलून गेली होती, आणि त्यामागे वेगवेगळ्या शाखांतून आलेले शोध होते. स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर याने १९५३मध्ये सुईतून तार आणि तारेवरून नळी रक्तवाहिनीत सरकवण्याची युक्ती दिली होती. सत्तरच्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये यूजीन स्ट्रँडनेस आणि सहकाऱ्यांनी डुप्लेक्स सोनोग्राफी घडवली, तिच्यामुळे शिरा आणि तिच्यातल्या रक्ताची दिशा एकाच पडद्यावर दिसू लागली. १९८७मध्ये कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने चरबी काढण्यासाठी पातळ केलेली भूल भरपूर प्रमाणात टोचण्याची रीत प्रसिद्ध केली. १९९९च्या सुमारास या सगळ्याला रेडिओफ्रिक्वेन्सी आणि लेसर येऊन मिळाले. आता शिरा उपटायची गरज नव्हती. ती आतूनच भाजून बंद करता येत होती.

हे प्रत्यक्ष कसं होतं ते पाहू. आधी रुग्णाला उभं करून डॉप्लर करतात. झोपवून केलेली तपासणी इथे अपुरी, कारण गळती उभ्यानेच नीट दिसते. पोटरी हाताने दाबून सोडतात. पडद्यावर रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप निकामी. बिघडलेल्या शिरेची वाट स्केचपेनने कातडीवर आखतात. मग टेबलावर झोपवून, गुडघ्याच्या आसपास भुलेचं बारीक इंजेक्शन देऊन, सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत सुई शिरेत घालतात. सुईतून तार, तारेवरून नळी, नळीतून लेसरचा धागा. तो जांघेच्या दिशेने वर सरकताना पडद्यावर पांढरी चकाकती रेघ पुढे जाताना दिसते. जिथे ही शिरा खोल शिरेला मिळते तिथून दोन सेंटिमीटर अलीकडे थांबायचं. हे अंतर जिवापाड जपायचं, कारण उष्णता खोल शिरेपर्यंत गेली तर तिथे गुठळी होऊ शकते.

आता कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. सलाइन, लिग्नोकेन, थोडं अ‍ॅड्रिनलिन आणि सोडाबायकार्ब यांचं गार मिश्रण शिरेभोवतीच्या पोकळीत, मांडीभर, टप्प्याटप्प्याने सोडतात. पडद्यावर शिरेचा काळा गोल आकसत जातो आणि भोवती पाण्याचं काळं कडं तयार होतं. या पाण्याने तीन गोष्टी साधतात: जागा बधिर होते, शिरा धाग्याभोवती आवळली जाते, आणि भोवतालची कातडी व मज्जातंतू उष्णतेपासून दूर राहतात. रुग्ण जागा असतो, बोलत असतो. त्याला टोचल्याचं कळतं, भाजल्याचं नाही. सगळ्यांनी रंगीत चष्मे चढवले की लेसर सुरू करून धागा हळूहळू मागे ओढतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत धाग्याच्या टोकाला सात सेंटिमीटरची तापणारी पट्टी असते. ती १२० अंश सेल्सियसला २० सेकंद तापवायची, मागे ओढायची, पुन्हा तापवायची. मांडीतली शिरा बंद व्हायला काही मिनिटंच लागतात. टाका नाही. पट्टी बांधून रुग्णाला तिथल्या तिथे चालायला लावतात आणि तो त्याच दिवशी घरी जातो.

‘शिरा बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि तो रास्तच आहे. ही शिरा रक्त वर नेतच नव्हती, खाली आणत होती. ती बंद झाली की खोल शिरांवरचा जादा भार उतरतो. म्हणूनच खोल शिरा मोकळ्या आहेत याची आधी खात्री करून घेतात.

जखमेच्या खालीच वेड्यावाकड्या, कोवळ्या शिरांचं जाळं असतं, तिथे सरळ धागा जात नाही. तिथे फोम वापरतात. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या हुआन काब्रेरा याने नव्वदच्या दशकात शिरा बंद करणाऱ्या औषधाचा फेस करून तो टोचण्याची पद्धत पुढे आणली. इटलीच्या लोरेन्झो टेसारी याने २०००मध्ये ती सगळ्यांच्या हाती दिली. दोन सिरिंजा तीन तोटीच्या जोडणीने जोडायच्या, एकीत औषध, दुसरीत त्याच्या चौपट हवा, आणि वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलायचं. घट्ट पांढरा फेस तयार होतो. तो रक्ताला बाजूला सारतो आणि शिरेच्या आतल्या अस्तराला चिकटतो. पडद्यावर तो कुठवर पोचला हेही दिसतं. लेसरच्या यंत्राची गरज नाही, भुलेचीही फारशी नाही, आणि खर्च त्यामानाने कितीतरी कमी. त्याचे तोटेही आहेत. बंद केलेली शिरा पुन्हा उघडण्याचं प्रमाण लेसरपेक्षा जास्त, कातडीवर तपकिरी रेघा राहू शकतात, क्वचित थोडा वेळ डोळ्यांपुढे अंधारी येते. अलीकडे सायनोॲक्रिलेट या चिकट द्रव्यानेही शिरा चिकटवतात. त्यात उष्णता नाही आणि मांडीभर सुया टोचाव्या लागत नाहीत, पण काहींना त्याची रिअ‍ॅक्शन येते आणि ते महागही आहे.

साधनं इतकी सौम्य झाल्यावर जुना प्रश्न पुन्हा विचारणं भागच होतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे अलन डेव्हिस आणि केंब्रिजचे मनजित गोहेल यांच्या पुढाकाराने ब्रिटनमधल्या २० केंद्रांत ‘एव्हरा’ हा अभ्यास झाला. सहा आठवडे ते सहा महिने उघड्या असलेल्या जखमांचे ४५० रुग्ण. दाबाची पट्टी सगळ्यांना. निम्म्यांची शिरा दोन आठवड्यांच्या आत बंद केली. उरलेल्यांची जखम भरल्यावर, किंवा सहा महिने होऊनही न भरल्यास. २०१८मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. लवकर उपचार झालेल्यांची जखम भरायला मध्यक ५६ दिवस लागले, थांबलेल्यांना ८२. चोवीस आठवड्यांत पहिल्या गटातल्या ८५.६ टक्के जखमा भरल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या ७६.३ टक्के. पुढच्या पाहणीत पहिल्या गटात जखमा परत उघडण्याचं प्रमाणही कमी राहिलं, आणि एकूण हिशेबात हा मार्ग परवडणारा ठरला. यातला सर्वाधिक वापरलेला उपाय होता फोम, म्हणजे त्यातल्या त्यात स्वस्त आणि साधा.

२६ दिवस ऐकायला थोडे वाटतील. रोज ओली पट्टी सोडणाऱ्या माणसाला विचारा. आणि आपल्याकडे हिशेब याहून मोठा आहे, कारण ब्रिटनमध्ये थांबलेल्या गटालाही दर आठवड्याला प्रशिक्षित नर्सच्या हातची पट्टी मिळत होती. आपल्या बहुतेक रुग्णांना तीही मिळत नाही. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे शिरेवरचा उपचार पुढे ढकलणं अधिकच चुकीचं आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३मध्येच सांगितलं की गुडघ्याखालची अशी जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर रुग्णाला रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवा. आपल्याकडे दोन वर्षं झालेले रुग्णही सोनोग्राफीविना फिरत असतात.

तरीही ‘लेसर केला की जखम गेली’ अशा जाहिराती वाचून जाऊ नये. एव्हरासाठी साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले, तेव्हा हे ४५० निवडले. धमन्या अरुंद असतील तर आधी त्या बघायला हव्यात. वर्षानुवर्षं उघड्या जखमेच्या कडा उंचावल्या, मांस बाहेर येऊ लागलं किंवा सहज रक्त येऊ लागलं, तर तुकडा काढून कॅन्सरची तपासणी करावी लागते. आणि डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेत रक्ताची गुठळी, ज्यांना होऊन गेली आहे, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या ऑपरेशननंतर, त्यांच्या खोल शिरांच्याच झडपा गेलेल्या असू शकतात किंवा कमरेतली शिरा बुजलेली असू शकते. विशेषतः डाव्या पायात. तिथे कमरेतली डावी शिरा उजव्या धमनीखाली चेपली जाते, हे मे आणि थर्नर यांनी १९५७मध्ये दाखवलं. अशा काही रुग्णांना शिरेत स्टेंट घालून फायदा होतो. पण वरवरची शिरा हाच काय तो चालू रस्ता उरला असेल, तर ती बंद करणं घातक ठरेल. म्हणून नुसतं फुगलेल्या नसा पाहून लेसरची तारीख देणाऱ्याकडे, उभ्याने केलेल्या डॉप्लरचा रिपोर्ट आधी मागावा.

उपचारानंतर पहिल्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी करून गुठळी सरकली नाही ना, ते बघतात. पोटरीच्या आतल्या बाजूला काही दिवस बधिर वाटू शकतं, कारण तिथे मज्जातंतू शिरेला खेटून जातो. मांडीत ताण आल्यासारखं वाटतं, ते चालल्याने कमी होतं. जखमेवरची दाबाची पट्टी चालूच ठेवायची असते. घोटा आखडला असेल तर तो मोकळा करायचा, कारण घोटा वाकला नाही तर पोटरी आवळत नाही आणि झडपा नीट असूनही रक्त खालीच राहतं. बसल्या जागी पाऊल वर-खाली करणं, टाचा उचलून उभं राहणं, एवढा व्यायाम पुरतो, पण तो रोज हवा. वाहतूक पोलिस, शिक्षक, वेटर, केशकर्तनालयातले कारागीर, पोळ्या लाटणाऱ्या बायका, ज्यांचा दिवस एका जागी उभ्याने जातो त्यांनी दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं चालून यावं. उभं राहणं टळणार नाही, पण स्थिर उभं राहणं टाळता येतं.

जखम भरल्यावर स्टॉकिंग येतं, आणि खरी लढाई तिथे होते. नागपूरच्या मे महिन्यात गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा घालायला सांगणाऱ्या डॉक्टरने रुग्णाची अडचण समजून घ्यायलाच हवी. काही गोष्टींनी ते सोपं होतं. रबरी हातमोजे घालून चढवलं तर पकड मिळते आणि नखांनी कापड फाटत नाही. टाचेपर्यंत उलटं करून, आधी पाऊल बसवून, मग वर खेचायचं. वरून दुमडून ठेवायचं नाही, नाहीतर तिथे दोर आवळल्यासारखी खूण पडते. सूज चढण्याआधी, म्हणजे सकाळी पाय जमिनीला टेकवण्यापूर्वी, ते चढवायचं. इथे आपल्या सकाळच्या आंघोळीची अडचण येते, तोवर अर्धा-पाऊण तास उभं राहणं झालेलं असतं. अशांनी आंघोळ रात्री करावी, स्टॉकिंग काढल्यावर, आणि कोरड्या कातडीला साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून झोपावं. त्याचं इलॅस्टिक सहाएक महिन्यांत सैल पडतं. तेव्हा नवी जोडी घ्यायची आणि त्याच फेरीत पायही दाखवून यायचा, म्हणजे बंद केलेली शिरा पुन्हा उघडली असेल किंवा दुसरी एखादी गळू लागली असेल तर कातडी फाटण्याआधी फोमची एक सिरिंज पुरते.